एक कोंबडी, दोन तापमाने

कोंबडी जन्मभर चालते आणि क्वचितच उडते. दाणे टिपत, माती उकरत तिचा सगळा दिवस पायांवर जातो. पंख फडफडतात ते कुत्रा अंगावर आला किंवा तिन्हीसांजेला फांदी गाठायची असली तर, आणि तेही दोन-चार क्षण. अख्खी कोंबडी पहिल्यांदाच भाजायला घेणाऱ्यापुढे जी अडचण उभी राहते, तिचे मूळ या राहणीत आहे. छातीचे स्नायू पंख हलवण्यासाठी असतात. एकदम जोर लावायचा आणि थांबायचे, एवढेच त्यांचे काम. ते काम स्नायूंत साठवलेल्या ग्लायकोजेनवर भागते, प्राणवायूची फार वाट पाहावी लागत नाही. म्हणून तिथे मायोग्लोबिन हे लाल रंगद्रव्य नावापुरते असते आणि मांस पांढरे दिसते. मांडी आणि तंगडी मात्र दिवसभर अंगाचा भार वाहतात. तिथे मायोग्लोबिन जास्त, चरबी जास्त आणि तंतूंच्या जुड्या बांधून ठेवणारे कोलॅजेनही जास्त. शेडमध्ये वाढलेली ब्रॉयलर कोंबडी फारशी चालत नाही, फांदीवर तर कधीच बसत नाही. तरीही स्नायूंची ही वाटणी तिच्याकडे वंशपरंपरेने आलेली असते.

रश्श्यात हा फरक झाकला जातो. तुकडे केलेली कोंबडी उकळत्या रश्श्यात शिजते, सगळ्या तुकड्यांना सारखीच उष्णता मिळते, आणि छातीचा तुकडा थोडा कोरडा झालाच तर रस्सा त्याची भरपाई करतो. भाजताना भरपाई करायला काही नसते. पांढऱ्या मांसातले मायोसिन हे प्रथिन ५० अंश सेल्सिअसच्या आसपास घट्ट व्हायला लागते, आणि साधारण ६५ अंशांच्या पुढे तंतू आकसून आतले पाणी पिळून बाहेर काढू लागतात. ताज्या मांसात वजनाच्या सुमारे तीन चतुर्थांश पाणीच असते. छाती ८० अंशांवर गेली की ती भुशासारखी लागते, ती याच पिळण्यामुळे. मांडीचे गणित नेमके उलटे आहे. कोलॅजेन विरघळून त्याचे मऊ जिलेटिन व्हायला ७० अंशांच्या वरचे तापमान आणि वेळ, दोन्ही लागतात. ७० अंशांवर काढलेली मांडी हाडापाशी रबरासारखी लागते, ८० अंशांवर तीच सुटसुटीत होते. पक्षी एकच, भट्टी एकच, आणि हव्या असलेल्या आकड्यांत दहा अंशांचे अंतर. त्यात कातडीची तिसरी मागणी असते. ती खरपूस व्हायला तिचे तापमान १०० अंशांच्या पुष्कळ वर जावे लागते.

या तिन्ही गोष्टी साधायची तयारी दुकानापासून सुरू होते. महाराष्ट्रात बहुतेक ठिकाणी कोंबडी सोलून मिळते; पिसे आणि कातडी एका हिसक्यात निघतात. कामाला ती रीत झटपट आहे आणि रश्श्याला योग्यही आहे. भाजायची कोंबडी मात्र ‘अख्खी, स्किनसकट’ असे आधी सांगून ठेवावी लागते, कारण तेव्हा ती गरम पाण्यात बुडवून पिसे उपटावी लागतात. साफ केल्यावर एक ते सव्वा किलो भरणारी ब्रॉयलर पहिल्या प्रयोगाला उत्तम. गावठी कोंबडीची चव मोठी, पण वय वाढेल तसे तिच्या कोलॅजेनचे धागे एकमेकांत घट्ट गुंतत जातात आणि कोरड्या उष्णतेला दाद देत नाहीत. तिने मंद आचेवरच्या रश्श्यातच जावे.

घरी आणलेली कोंबडी नळाखाली धुवायची नाही. पाण्याच्या शिंतोड्यांबरोबर साल्मोनेला आणि कॅम्पिलोबॅक्टर हे जिवाणू ओट्यावर, भांड्यांवर, शेजारच्या कोथिंबिरीवर उडतात. कोंबडीवर उरलेले जिवाणू भट्टीत मरणारच असतात. आतबाहेर कागदाने टिपून घ्यायची आणि किलोमागे दहा-बारा ग्रॅम, म्हणजे सपाट दोन लहान चमचे मीठ सगळीकडे चोळायचे. तासाभरात कातडीवर पाणी सुटते आणि काहीतरी बिघडले असे वाटते. ते पाणी टाकायचे नसते. त्यात मीठ विरघळते, ते हळूहळू आत मुरते आणि तिथली काही प्रथिने सैल करते. सैल झालेली प्रथिने तापल्यावर कमी आकसतात आणि पाणी धरून ठेवतात. मिठाला हे करायला रात्रभराचा वेळ द्यावा.

ती रात्र कोंबडीने फ्रिजमध्ये, जाळीवर, उघडी काढायची. खाली ट्रे हवा आणि जागा सगळ्यात खालच्या कप्प्यात हवी, म्हणजे तिचे पाणी दुसऱ्या पदार्थांवर ठिबकणार नाही. फ्रिजमधल्या हवेतली वाफ थंड नळ्यांवर जमत राहते, त्यामुळे आतली हवा कोरडी असते. मुंबईच्या दमट पावसाळ्यातही. सकाळपर्यंत कातडीचा रूपपालट होतो. आदल्या दिवशीची पांढरट, बुळबुळीत कातडी आता तेलकट कागदासारखी ताणलेली आणि किंचित पारदर्शक दिसते, खालचा गुलाबी रंग डोकावतो, बोट फिरवले तर चिकटत नाही. खरपूसपणाचे निम्मे काम भट्टी पेटवण्याआधीच झालेले असते.

कोरडेपणाचा एवढा आग्रह का, याचे उत्तर प्रत्येक मराठी घरात उन्हाळ्यात दिसते. माठातले पाणी गार होते, कारण माठाच्या अंगातून पाझरलेले पाणी वाफ होऊन जाताना उष्णता घेऊन जाते. एक ग्रॅम पाणी शून्यापासून १०० अंशांपर्यंत तापवायला जेवढी उष्णता लागते, त्याच्या पाचपटींहून अधिक उष्णता तेच पाणी उकळून त्याची वाफ करायला लागते. ओल्या कातडीची कोंबडी भट्टीत माठासारखीच वागते. बाहेर २०० अंशांची हवा असली तरी कातडीवर ओल आहे तोवर तिचे तापमान १०० अंशांच्याही खालीच घुटमळते. भट्टीची सगळी उष्णता पाण्याची वाफ करण्यात खर्ची पडते. विदर्भाच्या कोरड्या हवेत माठ आणि कूलर छान गारवा देतात आणि कोकणात तितका देत नाहीत, कारण वाफ व्हायला हवा कोरडी लागते. भट्टीतही तेच. पंख्याची भट्टी लवकर भाजते, कारण पंखा कातडीलगतची दमट हवा हटवत राहतो. सध्या ज्याची जोरात जाहिरात होते तो एअर फ्रायर म्हणजे छोट्या पेटीतली पंख्याची भट्टीच. त्यात तळण्याचे काही नाही, आणि नवे असे तत्त्वही नाही.

पाणी मुद्दाम राखून केलेले भाजणेही असते. रायगड जिल्ह्यात थंडीच्या दिवसांत लागणारी पोपटी हे त्याचे उत्तम उदाहरण. मडक्यात भांबुर्ड्याचा पाला, वालाच्या शेंगा आणि मसाला लावलेली कोंबडी भरायची, तोंड पाल्याने गच्च बंद करायचे, मडके पालथे घालून भोवती जाळ करायचा. वरून पाण्याचा थेंब घालत नाहीत. पाल्याची, शेंगांची आणि मांसाची स्वतःची वाफ आत कोंडते आणि कोंबडी त्या वाफेवर शिजते. बाहेर एवढा जाळ असूनही आतली कोंबडी तांबूस होत नाही; मऊ, रसदार आणि पाल्याच्या वासाची होते.

आता भट्टी. घरगुती ओटीजीत वरखाली तापलेल्या सळया असतात आणि त्या कोंबडीच्या अगदी जवळ येतात. बटणावर २०० लिहिले आहे म्हणून आत २०० अंश असतीलच असे नाही. आतला थर्मोस्टॅट सळया चालू-बंद करत राहतो आणि तापमान वरखाली होत राहते. जाळीला अडकवायचा छोटा भट्टीचा थर्मामीटर हा खर्च सार्थकी लागणारा आहे. ट्रे सगळ्यात खालच्या खाचेत ठेवावा, म्हणजे छातीचा उंचवटा वरच्या सळीला भिडून करपणार नाही.

हवा उष्णतेची फार दुबळी वाहक आहे. २०० अंशांच्या भट्टीत क्षणभर हात घालून ट्रे फिरवता येतो. १०० अंशांच्या पाण्यात तोच हात घालता येत नाही. हवेकडून कातडीला आणि कातडीकडून हाडापर्यंत उष्णता रांगत जाते. तिला लागणारा वेळ अंतराच्या वर्गाच्या प्रमाणात वाढतो: जाडी दुप्पट, तर वेळ चौपट. म्हणूनच ‘किलोमागे अमुक मिनिटे’ हा पाककृतींतला सरधोपट नियम चुकतो. वजन दुप्पट झाले की पक्षी दुप्पट जाड होत नाही, जेमतेम सव्वापट होतो. त्यामुळे एक किलोच्या कोंबडीपेक्षा दोन किलोच्या कोंबडीला साधारण १.६ पट वेळ लागतो. स्टॅनफर्डच्या रेषीय त्वरक केंद्राचे पहिले संचालक, भौतिकशास्त्रज्ञ वोल्फगांग पॅनोफ्स्की यांनी टर्कीसाठी असेच सूत्र मांडले होते. पौंडांतल्या वजनाचा दोन तृतीयांश घात घ्यायचा, त्याला दीडने भागायचे, की तास मिळतात. मूलकणांचा पाठलाग करणाऱ्या माणसाने रोजच्या भट्टीतला अंदाजपंचे कारभार खपवून घेतला नाही, ही गोष्ट मोठी लोभस आहे. पण हे सूत्रही अंदाजच देते. भट्टीचा स्वभाव, ट्रेचा धातू, कोंबडी फ्रिजमधून काढून किती वेळ झाला, यांतले काहीच त्याला ठाऊक नसते.

दोन तापमानांचा पेच सोडवायचा म्हणजे मांडीला जास्त आणि छातीला कमी उष्णता पोचवायची. पाय सुतळीने घट्ट बांधण्याची जुनी पाश्चात्त्य रीत दिसायला देखणी खरी, पण बांधल्याने मांडी अंगाला चिकटते आणि जिथे उष्णता सगळ्यात जास्त हवी तिथेच हवा पोचत नाही. पहिल्या खेपेला पाय मोकळेच ठेवावेत. ट्रे आधी भट्टीत तापवून त्यावर पाठ टेकवून कोंबडी ठेवली, की मांड्यांना खालून धातूची उष्णता मिळू लागते. पाय भट्टीच्या मागच्या बाजूला आणि छाती दाराकडे ठेवावी, कारण दाराजवळ तापमान थोडे कमी असते. स्वयंपाकाच्या विज्ञानावर लिहिणारे अमेरिकी लेखक हॅरॉल्ड मॅगी टर्कीच्या छातीवर आधी बर्फाच्या पिशव्या ठेवायला सांगतात, म्हणजे शर्यत सुरू होण्यापूर्वीच छाती काही अंश मागे राहते. सगळ्यात खात्रीचा उपाय कात्रीचा आहे: पाठीचा कणा दोन्ही बाजूंनी कापून काढायचा आणि कोंबडी पुस्तकासारखी उघडून तळहाताने दाबून सपाट करायची. मांड्या कडेला येतात, जाडी निम्म्यावर येते, वेळही बराच वाचतो. अख्ख्या कोंबडीचा थाट तेवढा जातो.

पंधरा-वीस मिनिटांनी भट्टीच्या काचेतून पाहिले तर कातडीखाली चरबीचे थेंब फिरताना दिसतात आणि मधूनमधून तडतड ऐकू येते. रंग सगळीकडे एकदम येत नाही. आधी पंखांची टोके, मग तंगडीचे हाडालगतचे टोक, मग छातीचा उंचवटा, जिथे जिथे पाणी आधी संपते तिथे तिथे. मांडी आणि पोट यांच्यामधली घडी शेवटपर्यंत पांढरीच राहते. तिथे वाफ कोंडलेली असते.

या रंगाचे नाव मायार अभिक्रिया. लुई कामीय मायार या फ्रेंच वैद्य-रसायनशास्त्रज्ञाने १९१२ मध्ये फ्रेंच विज्ञान अकादमीपुढे ती मांडली. त्याला स्वयंपाकात रस नव्हता. शरीरात अमिनो आम्लांपासून प्रथिने कशी जुळतात हा त्याचा प्रश्न होता. साखर आणि अमिनो आम्ल एकत्र तापवल्यावर द्रावण तपकिरी होते आणि त्यातून कार्बन डायऑक्साइड निघतो, हे त्याला दिसले. मातीतल्या काळ्या कुजक्या द्रव्याशीही याचा संबंध असावा, इथपर्यंत त्याने नजर टाकली. पण तपकिरी होण्याच्या आधी नेमके काय घडते, कोणत्या पायऱ्या ओलांडल्या जातात, हे कोडे पुढची ४० वर्षे विखुरलेल्या शोधनिबंधांतच पडून राहिले.

ते एका माळेत ओवले जॉन हॉज यांनी, आणि त्यांचे नाव भाजण्याबद्दलच्या लोकप्रिय लिखाणात क्वचितच येते. हॉज यांचा जन्म १९१४ मध्ये अमेरिकेतल्या कॅन्सस सिटीचा. ते कृष्णवर्णीय होते. वर्णभेद उघडपणे चालत होता अशा काळात कॅन्सस विद्यापीठातून गणित आणि मग रसायनशास्त्र शिकले. १९४१ मध्ये ते इलिनॉय राज्यातल्या पिओरिया इथे अमेरिकी कृषी खात्याच्या प्रयोगशाळेत रुजू झाले. त्याच वर्षी हॉवर्ड फ्लोरी आणि नॉर्मन हीटली पेनिसिलिनचे उत्पादन वाढवण्यासाठी मदत मागायला याच प्रयोगशाळेत आले होते, आणि इतिहासाने तेवढेच लक्षात ठेवले. दुसऱ्या महायुद्धात सैन्याला पाठवलेली अंड्याची भुकटी आणि इतर वाळवलेले अन्न गोदामात पडल्या पडल्या तपकिरी आणि बेचव होई. जाळ नाही, भट्टी नाही, तरी रंग चढतो. हे थांबवायचे तर आधी समजून घ्यायला हवे होते.

१९५३ मध्ये हॉज यांनी एका शोधनिबंधात सगळी साखळी एका आकृतीत मांडली. तीन टप्पे आणि इंग्रजी अक्षरांनी क्रमवार दाखवलेल्या सात अभिक्रिया. आधी साखर आणि अमिनो आम्ल जुळतात, मग इटलीच्या मारिओ अमादोरी यांच्या नावाने ओळखली जाणारी पुनर्रचना होते, पुढे रेणूंतून पाणी निघून जाते, त्यांचे तुकडे पडतात, ते तुकडे उरलेल्या अमिनो आम्लांवर तुटून पडतात आणि सुगंधी संयुगे जन्मतात, आणि शेवटी मोठे तपकिरी रेणू तयार होतात. अन्नरसायनशास्त्राच्या पुस्तकांत आजही हीच आकृती छापली जाते. मायारने दार दाखवले, आतल्या खोल्यांचा नकाशा हॉज यांनी काढला. या अभिक्रियेला दोघांचे नाव मिळायला हवे होते.

हॉज यांच्या नकाशामुळे कळते की हीच अभिक्रिया घरोघर चालते: वाटणासाठी भाजलेल्या कांदा-खोबऱ्यात, थालीपिठाच्या भाजणीत, साताऱ्याच्या कंदी पेढ्याच्या रंगात. आणि रक्तातही. मधुमेहाच्या तपासणीत एचबीएवनसी म्हणून जो आकडा येतो, तो रक्तातली साखर हिमोग्लोबिनला चिकटून झालेल्या अमादोरी संयुगाचाच असतो. ३७ अंशांवर ही अभिक्रिया इतकी मंद चालते, की तांबड्या पेशीच्या सुमारे १२० दिवसांच्या आयुष्यात पहिल्या पायऱ्यांच्या फार पुढे जात नाही. गोदामातल्या भुकटीत तिला महिने लागतात. कोंबडीची कातडी कोरडी होऊन १४० अंशांच्या पुढे गेली, की तीच अभिक्रिया काही मिनिटांत शेवट गाठते.

वासाचा एक धागा मात्र मायारच्या बाहेरचा आहे. मांसाचा म्हणून जो सर्वसाधारण खमंगपणा असतो, तो गंधकयुक्त अमिनो आम्लांतून येतो. कोंबडीचा वास कोंबडीचाच वाटतो तो तिच्या चरबीमुळे. लिनोलेइक आम्ल तापून मोडते आणि डेकाडायनालसारखी संयुगे तयार होतात, त्यांचा तो वास. कातडी काढलेली कोंबडी भाजली तर वास फिका पडतो, याचे कारण हेच. तंदूरवाल्यांनी सोललेल्या कोंबडीवर दुसरा तोडगा काढला: दह्याचा लेप. दह्यातली प्रथिने आणि उरलेली दुग्धशर्करा कातडीची जागा घेतात आणि तंदूरच्या प्रखर धगीत झटकन रंगतात.

आधी मोठ्या आचेवर कातडी ‘सील’ केली की रस आत कोंडतो, हे वाक्य पाककृतींत अजूनही भेटते. त्याचा उगम युस्टुस फोन लीबिग या थोर जर्मन रसायनशास्त्रज्ञाच्या १८४७ च्या मांसावरच्या पुस्तकात आहे. लीबिग यांचा दबदबा एवढा, की प्रयोग न करताच सगळ्यांनी ते मानले. १९३० च्या दशकात अमेरिकेत वजने करून पाहिल्यावर तसे काही होत नाही हे दिसून आले. वजनकाट्याचीही गरज नाही. भट्टीतून सतत येणारी चरचर म्हणजे मांसातले पाणी बाहेर पडून तापलेल्या चरबीत आणि ट्रेवर उडत असते. कवच खरोखर बंद झाले असते, तर भट्टी मुकी झाली असती.

सव्वा किलोची कोंबडी २०० अंशांवर साधारण तासाभरात होते, पण झाली की नाही हे ठरवायचे ते टोचायच्या थर्मामीटरने. पन्नासाव्या मिनिटाला पहिल्यांदा टोचावे. छातीच्या सगळ्यात जाड भागात, आणि मांडी जिथे अंगाला मिळते तिथे आतल्या बाजूने. हाडाला टोक लागू देऊ नये, कारण तिथे आकडा फसवतो. अमेरिकी कृषी खाते कोंबडीसाठी ७४ अंश सांगते, कारण त्या तापमानाला साल्मोनेला काही सेकंदांत मरतो. ६६ अंशांवरही मरतो, पण तिथे त्याला काही मिनिटे द्यावी लागतात. पहिल्या खेपेला छाती ७४ आणि मांडी ८० च्या आसपास, हेच लक्ष्य ठेवावे. छाती पुढे गेली आणि मांडी मागे राहिली, तर छातीवर फॉइलचा तुकडा ठेवून कोंबडी पुन्हा आत सारावी. सुरी खुपसून निघणारा रस पांढरा की गुलाबी, यावर भरवसा ठेवू नये. मायोग्लोबिनचा रंग मांसाची आम्लता आणि पक्ष्याचे वय यांनुसार बदलतो, आणि पुरेशी शिजलेली कोंबडीही हाडाजवळ गुलाबी दिसू शकते.

बाहेर काढल्यावर दहा-पंधरा मिनिटे तिला हात लावायचा नाही. बाहेरच्या थरातली उष्णता आत सरकत राहते आणि मधले तापमान अजून दोन-चार अंश चढते. रस थोडा निवतो, त्यातल्या विरघळलेल्या प्रथिनांमुळे दाट होतो आणि कापताना ताटभर वाहून जात नाही. वर झाकण घालू नये. वाफ कोंडली तर रात्रभर वाळवलेली कातडी पाच मिनिटांत लिबलिबीत होते.

कापताना आधी मांडी. ती बाहेरच्या बाजूला ओढली की सांधा आपोआप उघडा पडतो आणि सुरीला हाड लागत नाही. मग पंख, आणि शेवटी मधल्या हाडाला धरून छातीच्या दोन्ही बाजू अख्ख्या उतरवून आडव्या कापायच्या. ट्रेमध्ये चरबीखाली जे तपकिरी थर चिकटलेले असतात, ते मायार अभिक्रियेचे सगळ्यात घट्ट रूप; अर्धी वाटी गरम पाणी घालून लाकडी चमच्याने खरवडले की दोन मिनिटांत रस्सा तयार होतो. उरलेला सांगाडा पाण्यात दोन-तीन तास मंद आचेवर ठेवावा. मांडीत जे कोलॅजेन ८० अंशांसाठी हटून बसले होते, तेच हाडांत आणि सांध्यांतही असते. ते पाण्यात उतरते, आणि गाळून फ्रिजमध्ये ठेवलेले ते पाणी सकाळी खरवसासारखे थरथरते.